सहा पाऊण साडेचार

पहाटे 3.40

"सहा पाऊण साडेचार," अण्णांनी काल रात्री जेवतानाच सांगून टाकलं. "चारच्या आत गेटवर पोच. नाहीतर जहाज आत आणि तू बाहेर."

अण्णा, माझे वडील, पंचाऐंशीला टेकलेत. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे त्यांच्या डोक्यात अजून जागे आहेत. त्यातल्या पाऊणकीचा त्यांनी जन्मभर एकच उपयोग केला: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. आज कार्तिक वद्य षष्ठी, म्हणून सहा पाऊण साडेचार. कोळीवाड्यात हा हिशेब शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही येतो. अण्णा कोळी नव्हेत. दापोलीजवळच्या गावातून 1963 साली मुंबईला आले, बीपीटीत खलाशी म्हणून चिकटले आणि अलेक्झांड्रा डॉकच्या लॉकगेटवर दोर ओढत 2001 साली निवृत्त झाले. मधल्या काळात त्या डॉकचं इंदिरा डॉक झालं, बॉम्बे पोर्ट ट्रस्टचं मुंबई पोर्ट ट्रस्ट झालं आणि 2021 पासून ते मुंबई बंदर प्राधिकरण आहे. अण्णांच्या तोंडी सगळ्याला एकच शब्द, बीपीटी. टॅक्सीवाल्यालाही तोच सांगावा लागतो.

गोदीचे दरवाजे रंगांच्या नावाचे. ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, ऑरेंज गेट, यलो गेट. इथल्या पोलीस ठाण्याचं नावसुद्धा यलो गेट. लहानपणी मला वाटायचं, आत गेलं की प्रत्येक गेटमागे त्या रंगाचं पाणी असणार.

पास दाखवला, सीआयएसएफच्या जवानाने तो टॉर्चच्या उजेडात दोनदा वाचला. "लेडीज? इतने बजे?" भरती कोणाला विचारून येत नाही, हे त्याला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

4.15

इंदिरा डॉकच्या तोंडाशी एक लांबट खोली आहे, पाण्याची. लांबी 750 फूट, रुंदी 100 फूट, दोन्ही टोकांना दारं. आतल्या गोदीतलं पाणी कायम वर धरून ठेवलेलं, बाहेरचं समुद्राच्या मर्जीने चढणारं-उतरणारं. जहाज खोलीत घ्यायचं, मागचं दार लावायचं, पाणी बरोबरीला आणायचं, पुढचं दार उघडायचं. भरतीच्या माथ्यावर आतबाहेरच्या पाण्यात फारसा फरक राहत नाही, म्हणून मोठ्या जहाजांना ही वेळ सोयीची. 1880 चं प्रिन्सेस डॉक आणि 1888 चं व्हिक्टोरिया डॉक यांना ही खोली नव्हती, त्यांची दारं भरतीलाच उघडायची. 1914 च्या अलेक्झांड्रा डॉकने ती अडचण काढली. आता ती दोन्ही जुनी डॉकं बुजवलेली आहेत. जिथे जहाजं तरंगली तिथे आता जमीन आहे.

अंधारातून जहाज येतं ते आधी आवाजाने. दोन टग, एक पुढे एक मागे, आणि त्यांच्यामध्ये सहा मजली इमारतीएवढा काळोख. पायलट बाहेर समुद्रातच दोरशिडीने चढलेला असतो. कप्तान कितीही जगभर फिरलेला असो, इथला गाळ, इथली ओढ आणि इथली वळणं पायलटला माहीत असतात.

जहाजावरून एक बारीक दोरी फेकली जाते, टोकाला मुठीएवढी वजनदार गाठ. ती धक्क्यावर टपकन पडते. खलाशी ती उचलतो, ओढतो, आणि तिच्यामागून मांडीएवढा जाड रस्सा पाण्यातून ओलाचिंब वर येतो. त्याचा फास बोलार्डवर चढवताना हात कुठे ठेवायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. अण्णांच्या डाव्या हाताच्या करंगळीचं पेर नाही. ते पेर कुठे गेलं असं विचारलं की ते म्हणायचे, "बीपीटीला दिलं. बदल्यात क्वार्टर मिळालं." विनोद होता तो, पण आईला कधी आवडला नाही.

जहाजात पोलादाची वेटोळी होती. 4.50 ला मागचं दार लागलं. चाळीस मिनिटांत जवळजवळ कुणीच मोठ्याने बोललं नाही.

6.00

भाऊचा धक्का. ज्या भाऊ अजिंक्यांच्या नावाने तो ओळखला जातो, त्यांचा मूळ धक्का एकोणिसाव्या शतकातला आणि इथून दक्षिणेला होता. धक्का सरकला तसं नावही सरकत माझगावला आलं.

ट्रॉलर लागलेत. बर्फाचे तुकडे पायाखाली, डिझेलचा धूर आणि मासळी. राणीमासा, माकूल, ढोमा, कोळंबी, पाट्याच्या पाट्या रिकाम्या होताहेत. लिलाव ओरडून होतो, पण खरा भाव बोटांवर ठरतो. मी एका कडेला उभी राहून एकच गोष्ट मोजत होते: या एका धक्क्यावर किती सरकारं आहेत?

जमीन आणि धक्का बंदर प्राधिकरणाचा, म्हणजे केंद्राचा. मासळी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याची. शेजारी लागणाऱ्या प्रवासी लाँचची तपासणी आणि परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाचा, तेही राज्याचं, 1996 साली स्थापन झालेलं. मारामारी झाली तर यलो गेट पोलीस. बाहेर समुद्रात तटरक्षक दल आणि नौदल. वादळाचा इशारा हवामान खात्याचा, बावटा मात्र बंदरावर चढतो. तीन नंबरचा बावटा लागला की कोकणातल्या बाया अजूनही देवाला दिवा लावतात, आणि तो कोणत्या खात्याने लावला हे त्यांना माहीत नसतं.

कोळंबी निवडणाऱ्या एका मावशींना विचारलं, "हा धक्का कुणाचा हो?"

त्यांनी मान वर केली नाही. "माझा. तीस वरसं हितंच बसतंय."

7.30

उरणजवळच्या मोऱ्याची लाँच. उरणकर बसतात, पेपर उघडतात. उरणला लोकल जानेवारी 2024 मध्ये पोचली, त्याच दिवशी शिवडीवरून अटल सेतूही सुरू झाला. तरी लाँच आहे. ज्याचं काम माझगाव-मस्जिदच्या बाजूला आहे त्याला ती अजून जवळची. लाइफ जॅकेटं आता दिसतात, लोकांच्या अंगावर नसली तरी समोर लटकलेली. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि 15 माणसं गेली. त्यानंतर जॅकेटांची शिस्त कडक झाली.

आता अण्णांच्या पाऊणकीचा दुसरा धडा. षष्ठीला भरती साडेचारला, तर ओहोटी पावणेअकराच्या सुमारास, आणि उधाण उतरून पाणी भांगाकडे चाललेलं असतं, म्हणजे खोल उतरत नाही. लाँच कशीबशी लागते. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, मग सगळ्यात खोल ओहोटी कधी? सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, नेमकी चाकरमान्यांच्या वेळेला. त्या दिवसांत मोऱ्याच्या आणि रेवसच्या जेट्टीपुढे चिखल उघडा पडतो आणि फेऱ्या थांबतात. महिन्यातून दोनदा, पंचांगात छापल्यासारखं. मोठ्या जहाजांच्या वाटेतला गाळ काढायला बंदराकडे ड्रेजर आहेत, पैसा आहे, कारण जहाज पैसे देतं. लाँचचा उतारू तिकीट देतो. त्या दोघांमधल्या पाण्यातलं कुठलं कुणी उपसायचं, हा प्रश्न दोन सरकारांच्या मध्ये रुतून बसतो.

9.15

पुन्हा गोदी. पहिली पाळी कामाला लागलेली. मी लहान असताना पाळी सुटली की पी. डि'मेलो रोडवर चालायला जागा नसायची. खांद्यावर आकडा अडकवलेले हमाल, क्रेनवाले, टॅलीवाले, डब्बेवाले. आज नेमकं उलट. एक क्रेन, चार माणसं, बाकी ट्रेलर. कंटेनर 1989 साली न्हावा-शेवाला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर हळूहळू पलीकडे गेले. तिथे आज वर्षाला 70 लाखांवर टीईयू हाताळले जातात, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात तेवढे नग. मुंबईकडे काय राहिलं? पोलाद, परदेशी निघालेल्या गाड्या, क्रूझची जहाजं आणि तेल. मुख्य म्हणजे तेल. समोरच्या जवाहर द्वीपावर कच्च्या तेलाचे टँकर लागतात आणि पाण्याखालच्या नळांतून ते माहुलच्या रिफायनऱ्यांना जातं. वर्षाच्या सहा कोटी टनांहून जास्त मालात निम्म्याच्या वर हेच. म्हणून मुंबई बंदर मेलं असं जे लोक म्हणतात त्यांचं अर्धंच खरं. गोदीतला माणूस गेला, टनभार नाही गेला.

पाळीवरच्या मुकादमाला अण्णांचं नाव सांगितलं. त्याने ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं, तो 2001 साली शाळेत असेल. पण करंगळीचं सांगितल्यावर हसला. "तसे इथे बरेच होते म्हणतात."

11.30

बॅलार्ड इस्टेट. इथली जमीनच मुळी डॉकचं लेकरू: अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीने समुद्र भरला आणि त्यावर जॉर्ज विटेटने हा सरळ रस्त्यांचा, एका उंचीच्या दगडी इमारतींचा भाग आखला. नाव पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचं. ट्रस्ट स्थापन झाला 1873 साली. त्याआधी धक्के खाजगी कंपन्यांच्या हातात होते आणि मुंबईचा व्यापार त्यांच्या दरावर नाचेल की काय ही भीती सरकारला आणि व्यापाऱ्यांनाही होती. म्हणून सार्वजनिक मंडळ.

ट्रस्ट. विश्वस्त. मला हा शब्द प्राधिकरणापेक्षा आवडतो, आणि नुसत्या जुनेपणापायी नाही. विश्वस्ताला विचारता येतं, कुणासाठी? प्राधिकरणाला तसं विचारायला गेलं की ते कलम दाखवतं.

मंडळाच्या बैठकीची खोली वरच्या मजल्यावर आहे. मी तिथे गेले नाही, जाता येत नाही. पण टेबलाभोवती कोण बसतं ते कायद्यात लिहिलेलं आहे, आणि बैठक न पाहताही कळतं अशी गोष्ट म्हणजे खुर्च्यांची यादी. 2021 चा मेजर पोर्ट अथॉरिटीज कायदा त्या वर्षीच्या 3 नोव्हेंबरपासून लागू आहे. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष. राज्य सरकारचा एक, रेल्वेचा एक, संरक्षण खात्याचा एक, कस्टम्सचा एक. केंद्राने नेमलेला संचालक दर्जाचा किंवा त्याहून वरचा एक अधिकारी. दोन ते चार स्वतंत्र सदस्य. कामगारांचे दोन. झाले अकरा ते तेरा.

आता 1963 च्या जुन्या कायद्याची यादी शेजारी ठेवा. सरकारी माणसं तेव्हाही होती, कामगारही होते. त्याशिवाय जहाजमालक, माल पाठवणारे आणि गलबतांचे मालक यांचे निवडून आलेले विश्वस्त होते. गलबतांचे मालक! शिडाच्या गलबतातून कौलं, मीठ, लाकूड आणणाऱ्यांना देशाच्या मोठ्या बंदरांच्या मंडळांवर कायद्याने खुर्ची होती. त्याहून मागे जायचं तर मुंबईच्या विश्वस्तांत व्यापारी मंडळांनी आणि महापालिकेने निवडलेले लोक बसत. मोठे व्यापारीच ते, गोरगरीब नव्हेत. पण शहराला निदान खुर्ची होती.

नव्या कायद्याची बाजूही आहे, आणि ती कमकुवत नाही. एकोणीस जणांचं मंडळ चालवणं म्हणजे वरातीतून वाट काढणं. जहाजमालक मंडळावर बसून स्वतःला लागणाऱ्या दरावर मत देणार, हे कुठल्या न्यायात बसतं? पूर्वी दर केंद्राचं दर-प्राधिकरण ठरवायचं, फायली वर्षानुवर्षं फिरायच्या. आता मंडळ स्वतः दर ठरवतं. जहाजाकडून बंदरशुल्क, पायलटेज, बर्थचं भाडं, मालाकडून व्हार्फेज, जमिनीकडून भाडं. बंदर चालतं ते या पैशावर. हिशेब कॅग तपासतं, अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. कागदावर जबाबदारीची साखळी पुरी आहे. फक्त ती सगळी वर जाते, दिल्लीकडे. खाली मावशींच्या पाटीपर्यंत एकही कडी येत नाही.

अमेरिकेत सिएटलच्या बंदराचे पाच आयुक्त तिथल्या काउंटीचे मतदार निवडून देतात आणि बैठकीत कुणालाही उभं राहून बोलता येतं. आपल्याकडे तसं केलं तर उद्या बंदराच्या निवडणुकीचे फ्लेक्स लागतील, या विचाराने मला घामच फुटला. पण मंडळाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेचा कागद आधी बाहेर लावायला निवडणूक लागत नाही.

हा प्रश्न जुना आणि मुंबईपुरता वाटत असेल तर डहाणूकडे बघावं. वाढवणच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये मंजुरी दिली, 76,220 कोटींचा प्रकल्प. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा 74 टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा 26. भागीदारीची टक्केवारी दोघांत पुरी शंभर भरली. किनाऱ्यावरचे मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करताहेत, न्यायालयात जाताहेत, रस्त्यावर येताहेत. मंडळात खुर्ची नसलेला माणूस शेवटी तिथेच येतो.

नव्या कायद्यात एक कलम मात्र मला आवडलं. मंडळाला आपला पैसा शिक्षण, आरोग्य, घरं, कौशल्य अशा कामांवर कर्मचाऱ्यांसाठी, आणि 'स्थानिक समाजा'साठीही खर्च करता येईल. शब्द कायद्यात आला. क्रियापद 'करता येईल' आहे. 'करावा लागेल' नाही.

दुपारी 1.15

इस्टेट विभाग. वडापाव खाऊन गेले ते बरं केलं.

बंदराला जहाजांमुळे सगळे ओळखतात, पण शहराशी त्याचं रोजचं भांडण जमिनीवरून आहे. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत सुमारे 28 किलोमीटरचा पूर्व किनारा, साडेसातशे हेक्टरच्या आसपास जमीन. यातली बरीच समुद्रात भर घालूनच मिळवलेली. माझगाव-शिवडीची एकटी भरणीच 1912 साली पुरी झाली ती 583 एकरांची. कॉटन ग्रीनची कापसाची गोदामं, धान्याचा डेपो, दारुखान्यातला जहाज तोडण्याचा पसारा, लाकडाच्या वखारी हे सगळं बीपीटीचे भाडेकरू. शंभर वर्षांपूर्वीचे करार, शंभर वर्षांपूर्वीचं भाडं. बंदराने बाजारभावाने भाडं वाढवायला घेतलं आणि खटले सुरू झाले. जमशेद होरमसजी वाडिया विरुद्ध मुंबई बंदराचे विश्वस्त या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2004 मध्ये निकाल दिला. त्यातला गाभा असा: सार्वजनिक संस्था घरमालक झाली तरी ती खाजगी घरमालकासारखी वागू शकत नाही, भाडं वाजवी हवं, आणि भाडेकरूंनीही फुकटात बसायची अपेक्षा ठेवू नये. दोघांनाही टोचलं, म्हणजे निकाल बहुधा बरा असावा.

ज्यांच्याकडे करारच नाही त्यांचं काय? या जमिनीवर झोपडपट्ट्या आहेत, दोन-तीन पिढ्यांच्या. जमीन केंद्राची, झोपडपट्टी पुनर्वसन योजना राज्याची. म्हणून रस्त्यापलीकडच्या झोपडीला इमारतीचं स्वप्न आणि अलीकडच्या झोपडीला नोटीस, हे वर्षानुवर्षं चाललं. 2014 मध्ये बंदराच्या जमिनीसाठी राणी जाधव समिती आली, 2018 मध्ये ट्रस्टलाच विशेष नियोजन प्राधिकरण केलं गेलं, पूर्व किनाऱ्याचा आराखडा आला. त्यात बागा आहेत, चालायचा रस्ता आहे, पर्यटन आहे. नकाशे सुंदर आहेत.

काउंटरवर एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढत होते. सगळ्यात वरची पावती त्यांच्या आजोबांच्या नावाची, शाई तपकिरी पडलेली. आतल्या बाईंनी ती चिमटीत धरून उजेडाला लावली, नंबर वाचला, आणि म्हणाल्या, "काका, ही बॉम्बेची आहे. मुंबईची आणा."

काका म्हणाले, "बाई, तेव्हा बॉम्बेच होतं ना."

दोघंही हसली. काम झालं नाही, पण खुर्ची मिळाली.

3.00

वडाळा, बंदराचं रुग्णालय. अण्णा भाच्याबरोबर थेट आलेत, बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या घ्यायला. नोव्हेंबर आहे, हयातीचा दाखलाही द्यायचा आहे. "मी जिवंत आहे हे दर वर्षी बीपीटीला सांगावं लागतं. बीपीटी आहे की नाही हे मला कोण सांगणार?" हे वाक्य ते दर नोव्हेंबरात म्हणतात.

औषधाच्या रांगेत पुढेमागे सगळे त्यांच्याच वयाचे. काम करणाऱ्यांपेक्षा पेन्शनर कितीतरी जास्त, हे आज मुंबई बंदराच्या जमाखर्चातलं सगळ्यात मोठं वास्तव आहे. हजारो माणसांनी ओढलेल्या दोरांचं देणं आता थोड्या माणसांच्या आणि नळांच्या कमाईतून भागवायचं आहे. म्हणून जमिनीच्या भाड्याला इतकी किंमत. दुपारच्या काकांची पावती आणि अण्णांची गोळी एकाच वहीत समोरासमोर लिहिलेली आहेत, आणि मी दोघांच्याही बाजूची. पत्रकार म्हणून हे सोयीचं नाही.

शेजारच्या नाडकर्णी पार्कात आमचं क्वार्टर होतं. अण्णांनी खिडकीतून तिकडे बघितलं. "आंबा तोडला वाटतं," एवढंच म्हणाले.

4.06

टॅक्सी पी. डि'मेलो रोडवर होती. एकेकाळचा फ्रेअर रोड, आता गोदी कामगारांच्या पुढाऱ्याच्या नावाचा. अण्णांनी घड्याळ बघितलं आणि मला कोपर मारलं. हे त्यांचं जुनं आहे. 14 एप्रिल 1944, दुपारी चार वाजून सहा मिनिटं. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, त्यांच्या सोबतीला कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. कापूस पेटला, आग विझवायला अग्निशमन दलाची माणसं चढली, आणि स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. दलाचे 66 जवान गेले. देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यामुळे. सोन्याच्या विटा गाळातून नंतर कित्येक वर्षं सापडत राहिल्या.

अण्णा तेव्हा गावी, पाळण्यातून नुकतेच उतरलेले. पण लॉकगेटवरच्या जुन्या माणसांकडून त्यांनी ते इतक्यांदा ऐकलं की त्यांना तो आवाज आठवतो, असं ते सांगतात. माल कुठला आणि कशाशेजारी ठेवायचा, धोक्याचं जहाज कुठे थांबवायचं, हे कंटाळवाणे नियम. ते कुठून आले हे या रस्त्यावर कळतं.

5.10

अण्णांना भरती बघायची होती. पुन्हा भाऊचा धक्का, या वेळी मांडव्याच्या रोपॅक्सच्या बाजूला. गाड्या बोटीच्या पोटात शिरत होत्या, शनिवार-रविवारची अलिबागवाली मंडळी कुत्र्यांसकट. पाच वर्षांत या फेरीने सवय बदलली आहे. मार्च 2020 मध्ये सुरू झाली आणि लगेच टाळेबंदी लागली, तरी टिकली. पलीकडे बॅलार्ड पियरला क्रूझचं नवं टर्मिनल, सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटन झालेलं. जिथे पैसेवाला उतारू आहे तिथे सावली, बाकं आणि संडास चांगले असतात. मोऱ्याच्या लाँचवाल्यांनाही ते असावेत, इतकी साधी मागणी कुणाच्या विषयपत्रिकेत घालायची, हे मला सकाळपासून सुचत नव्हतं.

पाणी माथ्यावर येऊन थांबलं. लॉकमधून गाड्या वाहणारं जहाज निघालं, डब्यासारखं, खिडक्या नसलेलं. त्याला बाहेर सोडताना जहाजांच्या वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या व्हीटीएमएसच्या पडद्यावर दोन बंदरांची जहाजं एकत्र दिसत असतात, कारण मुंबई आणि न्हावा-शेवा यांची समुद्रातली वाट एकच. 7 ऑगस्ट 2010 ला याच वाटेत चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं धडकली, कंटेनर तरंगत किनाऱ्याला लागले, तेल पसरलं, मासेमारी बंद पडली. दंड आणि भरपाईचे कागद वर्षानुवर्षं फिरले. मासळी न विकलेल्या दिवसांचा भाव मात्र त्या दिवशीच ठरून गेला होता.

"टग उशिरा सोडलाय," अण्णा म्हणाले. मला काहीच वेगळं दिसलं नाही. दोन मिनिटांनी मागच्या टगने दोर ताणला आणि जहाजाचं ढुंगण सरळ झालं. अण्णांनी मला 'बघ' असं केलं, तुटक्या करंगळीच्या हाताने.

रात्री 9.30

जेवण झालं. अण्णांना खांदेरीचं सांगायची लहर आली. 1963 साली हर्णैहून आगबोटीने येताना पहाटे त्यांना आधी दिसला तो खांदेरीचा दिवा, 1867 सालचा. मुंबई अजून दिसतही नव्हती. बेट शिवाजी महाराजांच्या आरमाराचं, त्याला 1998 मध्ये कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं, 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. पण दिव्याची देखभाल बीपीटीची. बेटावर वेताळ आहे, त्याला कोळी नारळ देतात. "दिव्याचं भाडं होडीवाल्याला लागत नाही," अण्णा म्हणाले. "वापरायचा आणि जायचं." मग थांबून, "तेवढं बरं चालवलंय बीपीटीने."

त्यांनी कालनिर्णय खुंटीवरून काढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट उद्याच्या चौकटीवर ठेवलं.

"सप्तमी," मी म्हटलं.

"मग?"

"सात पाऊण..." मी अडखळले. कॅल्क्युलेटर हातात होता, पण तो बघत असताना काढायची हिंमत झाली नाही.

"सव्वापाच," अण्णा म्हणाले, आणि दिवा मालवला.